सात धक्क्यांची यादी

सर, मंगळवारी दुपारी पुन्हा हललं. अकरा मोजले.

पहिला बारीक धक्का आला तेव्हा मी कणीक मळत होते. तुम्ही शिकवलंय तसं हात परातीतच ठेवून मोजायला लागले. एक, दोन, तीन... अकराव्याला दुसरा आला, मोठा, आणि फळीवरचे डबे वाजले. अकरा आठे अठ्ठ्याऐंशी. म्हणजे अठ्ठ्याऐंशी किलोमीटरवर कुठंतरी. गुवाहाटीत एवढं चालतंच. सगळं शांत झाल्यावर पिठाच्या हातानं मोबाईल उचलला, तुमचं नाव काढलं, आणि मग आठवलं की तुम्हाला जाऊन नऊ दिवस झालेत.

नाव अजून तिथंच आहे. 'तांबोळी सर सांगली'. त्यावर पीठ लागलं, ते मी पदरानं पुसलं.

या चार वर्षांत असे किती फोन केले असतील मी. मी म्हणायची, "सर, आला." तुमचं कशा आहात, बऱ्या आहात का, काही नाही. थेट, "किती मोजलं?" मी आकडा सांगायची, गुणाकारही मीच करून द्यायची. थोड्या वेळानं तुमचा उलटा फोन. "बगितलं. तुमी सांगितलं त्याच्यापेक्षा सहा किलोमीटर लांब हाय. मोजताना जिन्याकडं पळालासा न्हवं?"

पळाले होतेच. मी घाबरट ते घाबरटच. इथल्या पहिल्या धक्क्याला तिसऱ्या मजल्यावरनं खाली आले तेव्हा माझ्या हातात कुकर होता. आमच्या गल्लीत सोनं-चांदी गाळणारी आपल्याकडची सात-आठ घरं आहेत, सगळ्या बाया रस्त्यावर, आणि मी मधे कुकर घेऊन उभी. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "आवं, कुकर कशाला घेतलासा?" मी म्हणाले, "दोन शिट्ट्या झाल्या व्हत्या सर, तिसरी राहिली व्हती." तुम्ही इतके हसलात की चाचींनी फोन हातातून घेऊन विचारलं, काय झालं म्हणून. दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही मोजायला शिकवलंत. पहिला धक्का आणि दुसरा धक्का यांच्यामधले सेकंद मोजायचे आणि आठानं गुणायचे. "घाबरायचं ते घाबरा," म्हणालात, "पण मोजत घाबरा."

त्याचा लय उपयोग झाला. अजून होतो.

सांगलीच्या बोळातलं ते वरच्या मजल्यावरचं ऑफिस आठवतं मला. मी माण तालुक्यातली, मेंढरांमागं वाढलेली. दिवाळी झाली की आमचं घरच चालायला लागायचं, त्यामुळे नववीपर्यंत शाळा कशी झाली ते त्या शाळेलाच ठाऊक. लग्न होऊन कवठे महांकाळला आले, तिथून नवऱ्याच्या मागं सांगलीला, आणि कंप्युटरच्या क्लासचं एक सर्टिफिकेट घेऊन तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही चष्म्यावरनं बघितलंत.

"शिक्षण?"

"नववी. पास न्हाई."

"मग तर बरंच झालं. शिकल्याली माणसं आकडे वाचत न्हाईत, अंदाजानं पुढं जात्यात. तुमी एकेक वाचशीला."

आणि मला वाचायला दिलेत ते भूकंप.

लोक मला विचारतात, तू तिथं करत काय होतीस. मी त्यांना सांगते: इमारत बांधायच्या आधी सर तिला कंप्युटरमध्ये उभी करायचे, खांब, तुळया, सगळं, आणि मग तिला धक्के द्यायचे. धक्के खरे. जगात कुठं कुठं झालेल्या भूकंपांचे, यंत्रांनी टिपून ठेवलेले, दर सेकंदाला शंभर-दोनशे आकडे असलेले. असे हजारो पडलेत. सगळे कसे देणार? म्हणून सात निवडायचे. आपल्या जागेवर जेवढा मोठा होऊ शकेल तेवढा, जेवढ्या अंतरावर होऊ शकेल तेवढ्या अंतरावरचा, आणि तशाच जमिनीवर टिपलेला. मग सातांची सरासरी काढायची आणि ती नियमाच्या पुस्तकानं त्या जागेसाठी आखून दिलेल्या रेषेच्या जवळ बसते का बघायचं. त्या सातांवर इमारत पास का नापास ते ठरतं. म्हणून निवड नीट झाली पाहिजे. हे ऐकून लोक म्हणतात, नववी नापास बाई हे करत होती? मी म्हणते, निवडायचे सर. मी आधी नुसतं एकाखाली एक लावायची.

आणि लावताना माती खायची. पहिल्याच महिन्यात एक फाईल वेगळ्या मापातली होती, मी तशीच चिकटवली, आणि सगळे आकडे जवळजवळ हजारपट झाले. तुम्ही निकाल उघडलात. मग शांतपणे म्हणालात, "हिराताई, आपल्या इमारतीचं छप्पर तीनशे मीटर सरकलंय."

"म्हंजे वो सर?"

"म्हंजे हितनं निघून स्टँडावर पोचलंय. एस्टी धरायची असंल."

मला वाटलं, गेली नोकरी. पण तुम्ही फक्त एक पट्टी कापून माझ्या स्क्रीनला चिकटवलीत: 'माप बघितलं का?' ती पट्टी आता या लॅपटॉपला आहे. गुवाहाटीला यायचं ठरलं तेव्हा ऑफिसचा जुना लॅपटॉप तुम्ही माझ्या पिशवीत घातलात. "काम तिकडनं करा," म्हणालात, "भूकंपास्नी काय, सांगलीत बसून निवडलं काय आणि तिकडं बसून निवडलं काय." पट्टी मी स्वतः काढून आणली. तुम्हाला हे सांगितलं नव्हतं. आज सांगते.

त्या मेंढ्याची गोष्ट तर तुम्ही इतक्या जणांना सांगितलीत की मला लाज वाटायची. एकदा तुम्ही सात निवडले आणि सरासरी अशी रेषेवर बसली की जणू रेष त्यांच्यासाठीच आखली होती. तुम्ही खुशीत. चहा सांगितलात. मी नावं टाईप करत होते आणि बोलून गेले, "सर, ह्यातली पाच एकाच आईची हायत की."

"म्हंजे?"

"पाचबी एकाच भूकंपातली. यंत्रं येगळी, गावं येगळी, पण आई एक."

"मग काय झालं? बसत्यात की बराबर."

मग मी आबांचं सांगितलं. माझे आबा एका कळपातले दोन मेंढे कधी घेत नाहीत. कितीही देखणे असले तरी. एक इथून, एक दुसऱ्याच्या कळपातून, तिसरा लांबच्या बाजारातून. कारण एकाच घरातले घेतले तर खोड असेल ती सगळ्या कोकरांत एकच उतरते, आणि सगळी सारखीच असल्यामुळे ती खोड आहे हे दिसतही नाही. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. तो चहा तुम्ही प्यालाच नाहीत. संध्याकाळपर्यंत बसून पाचातले चार काढलेत आणि दुसरीकडचे चार शोधलेत. सरासरी पहिल्यासारखी देखणी बसली नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणालात, "आपल्याला इमारत तपासायची हाय, फोटो काढायचा न्हाई."

मग नियमाच्या पुस्तकात असलं काहीतरी लिहिलेलंही तुम्हीच मला दाखवलंत आणि म्हणालात, "हे मला ठावं व्हतं. खुशीत इसरलो." आणि त्या रिपोर्टच्या शेवटच्या पानावर पहिल्यांदा एक ओळ आली: 'नोंदींची निवड: तांबोळी, सोबत हिराबाई.' मी तो कागद आबांना पाठवला. आबांना वाचता येत नाही. त्यांनी तो पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि वाचता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून वाचून घेतला. सर, माझ्या नावाचा छापील कागद आमच्या घरात तो पहिलाच. आभार मानायचे राहिले. तुमच्यासमोर उभी राहिले की तोंडातनं 'माप बघितलं सर' एवढंच निघायचं.

त्यानंतर तुम्ही नवीन खूळ काढलंत. म्हणालात, माणसाला नावाची माया असते, म्हणून नावं झाकून निवडायचं. प्रत्येक आलेखाच्या नावावर पट्टी, खाली फक्त नंबर. मी बघितलं आणि म्हणाले, "तीन नंबर तो लांब शेपटाचा, परदेशातला. चार नंबर तो, सुरवातीला मुंग्या आणि मग एकदम दणका."

तुम्ही पट्ट्या उचलून बघितल्यात. दोन्ही बरोबर.

"तुमच्यापुढं झाकून काय उपयोग न्हाई," म्हणालात, आणि पट्ट्यांचं पाकीट कपाटात टाकलंत. काय करणार? दुसऱ्याच्या कळपात चुकून गेलेलं आपलं मेंढरू मागनंसुद्धा ओळखू येतं. एवढे आकडे एकाखाली एक लावल्यावर प्रत्येकाला तोंड येतं. मग तुम्ही दुसरा नियम केलात. कारण कागदावर लिहायचं. "'मला वाटलं' हे कारण न्हाई. 'आपला हाय' हे तर मुळीच न्हाई."

ते शेवटचं मला उद्देशून होतं. कोयनेवरून.

तेरा वर्षं आपण त्यावर भांडलो. आपल्या सातारा-सांगलीच्या माणसाला भूकंप म्हटलं की एकच आठवतो. कोयनेचा. आमचे आबा तेव्हा रांगत होते आणि ते त्याची गोष्ट डोळ्यांनी बघितल्यासारखी सांगतात. त्या भूकंपाची नोंद तुमच्या यादीत होती, आणि मी प्रत्येक निवडीत तिला घुसवायची. तिचं तोंड तर मला सगळ्यांत ओळखीचं: आखूड, टोकदार, खडकावरनं शेळी पळाल्यावर खुरं वाजतात तशी. तुम्ही दरवेळी काढून टाकायचात. मी म्हणायची, "सर, आवं आपल्या घरचा हाय, त्याला सोडून परदेशातले का बसवताय?" आणि तुम्ही तेच वाक्य, त्याच सुरात:

"हिराताई, ही निवड हाय. लग्नाची पंगत न्हाई, घरच्यांना बसवायलाच पायजे म्हणून."

याला माझ्याकडं कधी उत्तर नव्हतं. आणि आता कबूल करते, कारण आता तुम्हाला चिडवता येणार नाही: तुमचं बरोबर होतं. सांगलीची नदीकाठची काळी माती, त्यावर नऊ-दहा मजले. त्या उंच इमारती सावकाश झुलणाऱ्या. कोयनेचा धक्का खडकावरचा, चटचट हलणारा. त्याला या इमारतींशी घेणंदेणं नाही, आणि त्यांना त्याच्याशी. मला हे दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. तरी अकरा वर्षं भांडले. तुम्ही ते वाक्य म्हणावं म्हणूनसुद्धा असेल.

आता त्या शाळेचं सांगते.

तुम्ही दुखण्यात होतात, तरी जायच्या तीन दिवस आधी तुमचा मेसेज आला. कोयना खोऱ्यातल्या एका गावाची दोन मजली काँक्रीटची शाळा, तिच्यावर तिसरा मजला चढवायचाय, आधी आहे ते तपासायचंय. आठ नोंदी जोडल्या होत्या. खाली लिहिलं होतं, 'आठ हायेत. सात पायजेत. एक काढा. कारण लिहा.' मी यादी बघितली आणि आठांत कोयना होता. तुम्ही स्वतः घातलेला! मला इतकं हसू आलं. वाटलं, यात काहीतरी खोच आहे, सर माझी परीक्षा बघताहेत. यावेळी असं उत्तर द्यायचं की ते पंगतीचं वाक्य त्यांना म्हणताच येऊ नये. म्हणून मी लिहिलं, 'सर, रविवारी सांगते.'

रविवारी सकाळी तुमच्या रेश्माचा फोन आला.

इथून सांगली म्हणजे रेल्वेनं तीन दिवस. मी निघून पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार होतं. मी पिशवी भरली, मग रिकामी केली. चाळीसाव्या दिवसाला येते म्हणून चाचींना सांगितलंय, तिकीटही काढलंय.

बुधवारी, म्हणजे त्या धक्क्याच्या दुसऱ्या दिवशी, रेश्माचा परत फोन. तुमच्या खुर्चीत ती बसते आता. म्हणाली, खुर्ची खाली-वर होत नाही, अब्बांनी ती एकाच उंचीवर गंजवून ठेवलीय.

"ताई, शाळावाले मागं लागलेत. मी बघितलं. कोयना काढला की बाकीचे सात रेषेवर एकदम गप बसतात. खांबही सगळे पास होतात. आणि कोयना ठेवला की सरासरी वर डोकं काढते, तळमजल्याचे दोन खांब नापास. मग त्यांना बाहेरून सळया बांधून काँक्रीटचं जाकीट घालावं लागणार, म्हणजे दोन वर्ग बंद. काढू का?"

"थांब," मी म्हणाले, "उद्या सांगते." आणि लगेच जीभ चावली. "उद्या न्हाई. आजच सांगते. चार वाजेपर्यंत."

सर, एवढी भीती मला धक्क्यानंही वाटत नाही. मला कोयना ठेवायचा होता. पण का? तिथं ते बरोबर आहे म्हणून, की तेरा वर्षांची हौस म्हणून? की तुमची शेवटची यादी, तिला हात लावायला नको म्हणून? नावं झाकून काही होणार नव्हतं, ते आपण दोघांनी बघितलेलंच आहे. आणि चुकीचा ठेवला तर दोन वर्गांची पोरं उगीच बाहेर व्हरांड्यात बसणार. चुकीचा काढला तर... ते दोन खांब जिन्याखालचे आहेत. सुट्टीची घंटा झाली की सगळी शाळा तिथूनच पळते.

आठही आलेख अंथरुणावर मांडले. नवरा दुकानातनं जेवायला आला तर म्हणाला, "मी कुठं बसू?" त्याला खाली बसवलं.

मग एकेक घेऊन त्याच्यासमोर बोलत गेले, तुम्ही मला बोलायला लावायचात तसं. हा कुठल्या जमिनीवरचा? किती लांबून? किती पट ताणलाय? पाच नंबरला अडकले. लांबच्या देशातला, नदीकाठच्या मऊ मातीवर टिपलेला, आणि मूळचा इतका बारका की रेषेपर्यंत पोचवायला चौपट केलेला. म्हणून तर इतका गुमान बसत होता. आपण एकदा यावर बोललो होतो. तुम्ही म्हणाला होतात दोन-तीनपटीच्या वर ताणू नये, आणि मी म्हणाले होते, "कोकरू कितीबी फुगवलं तरी त्येचा मेंढा व्हतो का सर?" शाळा खडकावर. हा यादीत आला कसा? मग ध्यानात आलं. खोच कोयनेत नव्हतीच. तुम्ही मला माहीत असलेल्या तोंडाकडं बघत बसवलंत आणि खोटा मेंढा शेजारी उभा केलात. का तुमच्या हातून तो राहून गेला, दुखण्यात? ते मला कधीच कळणार नाही. मी पहिलंच धरून चालते.

पावणेचारला लिहिलं:

'क्रमांक पाच काढला. शाळा खडकावर आहे, ही नोंद मऊ मातीवरची आहे आणि ती चौपट करावी लागते. कोयना ठेवला. खडक तसाच, अंतर तसंच, दोन मजली आखूड इमारत त्याच्याच चालीनं हलणारी, आणि त्याला जवळजवळ ताणावं लागत नाही. सरासरी देखणी दिसत नाही हे काढायचं कारण होत नाही. दोन खांबांना जाकीट घालावं.'

शेवटी 'आणि आपला आहे' असं लिहिलं होतं. ते खोडलं. माप बघितलं. पाठवलं.

दहा मिनिटांनी रेश्माचा फोन. ती पाचाला ठेवायच्या बाजूनं भांडली, सर. खरंच भांडली, टेबलावर बोट आपटत. मला इथं ऐकू येत होतं. मी एकेक सांगत गेले. शेवटी म्हणाली, "बरं, पटलं. शाळावाल्यांना मी सांगते, दोन वर्ग आळीपाळीनं भरवा म्हणून. पण ताई, अब्बा असते तर तुम्हाला काय म्हणाले असते माहितीय ना?"

आणि आम्ही दोघी एकदमच म्हणालो, तुमच्या सुरात, "लग्नाची पंगत न्हाई!"

ती हसायला लागली. मीही. आणि तेव्हा, तेरा वर्षांनी, सांगलीपासून इतक्या लांब, खाली बसलेला नवरा भाकरी मोडत ऐकत असताना, मला उत्तर सुचलं.

"व्हय गं," मी म्हणाले, "पण ह्या वेळी मांडव त्याच्याच दारात हाय. त्याला कसं उठवायचं?"

रेश्मानं हळूच विचारलं, "हे अब्बांना कधी सांगितलं होतं?"

"न्हाई. रविवारी सांगणार व्हते."

सांगितलं, सर. आता बोला.